दुसरा ब्रेक

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या.
सव्वीस वर्षं डावीकडे बसून
लोकांच्या चुका मी उजव्या पायानं दाबतोय.
चप्पल त्याच बाजूची आधी झिजते.
चांभार विचारतो, आहेर सर, लंगडता का?

गेल्या वर्षी हेमांगीकडे गेलो, कॅनडात.
तिथं शेजारची सीट उजवीकडे.
ती चालवत होती आणि माझा पाय
रबरी चटईत ब्रेक शोधत होता.
"बाबा, चटई फाटेल."

तिला मीच शिकवलेलं,
तपोवनात, कुंभ नसतो त्या वर्षीच्या रिकाम्या मैदानावर.
पेठ रोडच्या ट्रॅकवर आठ काढून दाखवला, पास.
तिथं मात्र पहिल्या परीक्षेत नापास.
लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून पाहिलं नाही म्हणे,
नुसत्या आरशावर विश्वास ठेवला.
मी शिकवलं होतं, तसाच.
हे तिनं मला सहा वर्षं सांगितलं नव्हतं.

तिच्या घराजवळ चार रस्ते मिळतात.
सिग्नल नाही, पोलीस नाही,
चारी बाजूंना लाल अष्टकोनी पाटी : थांबा.
जो आधी आला तो आधी जातो.
मी म्हटलं, आणि हे मोजतं कोण?
"सगळेच," ती म्हणाली,
जसं काही मी विचारलं होतं, श्वास कोण घेतं.
रेशनच्या रांगेत आम्ही पिशवी ठेवून नंबर धरतो,
त्यावरूनही भांडणं.

एकदा पिवळी शाळेची बस उभी राहिली,
तिच्या कुशीतून थांब्याची पाटी पंखासारखी बाहेर आली.
मागचे थांबले, समोरून येणारेही.
एका पोराचा हातमोजा पडला.
तो त्यानं सापडेपर्यंत शोधला,
झटकला, घातला, मग दुसरा काढून तोही झटकला.
अख्खा रस्ता उभा.
मी हॉर्नची वाट पाहत होतो.
नाही आला.

आणि एक फजिती.
फुटपाथवर मी नुसता उभा होतो, ऊन खात.
गाडी थांबली. मी हातानं म्हटलं, जा.
आतल्या बाईनं हातानं म्हटलं, तुम्ही.
जा. तुम्ही. जा.
शेवटी ओशाळून पलीकडे गेलो, काम नसताना.
परत यायला आणखी एक गाडी थांबवली.

आपल्याकडे हात बाहेर आला
तर रिक्षावाला वळेल, थुंकेल,
किंवा पाऊस आहे का बघेल.
तिन्ही धरून चालायचं, हाच आमचा पहिला धडा.
द्वारकेच्या चौकात मी तो शब्दशः शिकवतो.
लाज वाटत नाही त्याची.
त्या धड्यानं माणसं घरी पोचलीत.
सगळीच नाही.
वहीत एक नाव आहे,
ते मी खोडत नाही आणि वाचतही नाही.

काल फरहीन शेख, वडाळ्याची, सव्वातीनची बॅच.
कॅनडा कॉर्नरला
(नाव कसं पडलं विचारा, प्रत्येकजण वेगळं सांगतो)
झेब्रापाशी एक म्हातारी, हातात मेथीची जुडी.
"थांब," मी म्हटलं.
"सर, सिग्नल हिरवा आहे."
"थांब."
फरहीन थांबली. मागे सगळं शहर कोकलायला लागलं.
म्हातारीनं आमच्याकडे पाहिलं,
काहीतरी काळंबेरं आहे अशा नजरेनं,
आणि मेथीनंच खूण केली : व्हा पुढं.
मी म्हटलं, तुम्ही.
ती नाही.
ती आमच्या मागे गेली,
आमच्या आणि सिटीबसच्या फटीतून,
जिथून ती आयुष्यभर गेली असणार.

"सर, सोडू क्लच?"
माझा पाय ब्रेकवरच.
"मान वळव आधी. आरशात नको. खांद्यावरून."
"हे नवीन आहे का, सर?"
"हो, नवीन आहे."
तिनं मान वळवली.
म्हातारी अजून अर्ध्यातच होती.